दाणा टाकणाऱ्यानं पाहिलंही पाहिजे

आजचा विषय बाहेर फलकावर लिहिला आहे, 'परसातले पक्षी'. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस पक्ष्यांवर काय बोलणार, अशी शंका काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. ती रास्त आहे. मी पक्षितज्ज्ञ नाही. पक्षी ओळखायला इथले निम्मे तरी श्रोते माझ्यापेक्षा तरबेज असतील. निवृत्तीनंतर वाईजवळच्या एका खेड्यात राहतो, घराला मोठं परस आहे, तिथे पक्षी येतात आणि मी त्यांच्याकडे बघत बसतो. एवढंच माझं भांडवल.

पण या बघण्यातून एक प्रश्न पुढे आला, आणि तो माझ्या विषयातला आहे. आपण पक्ष्यांना दाणा टाकतो, पाणी ठेवतो. या देण्याचं बरंवाईट ठरवायचं कसं? माणसाला काही दिलं तर तो सांगतो, "अहो, हे मला चालत नाही", "कालचं अन्न शिळं होतं हो". निदान तोंड तरी वाकडं करतो. पक्षी यातलं काही करत नाही. तो येतो, खातो, जातो. त्याच्या पिल्लाचं पुढे काय झालं, हे सांगायला परत येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की, ज्याला तक्रार करता येत नाही त्याला काही द्यायचं असेल, तर पाहणं हे त्या देण्याचंच अर्धं अंग आहे. दाणा टाकून पाठ फिरवणारा अर्धंच काम करतो, आणि पुष्कळदा ते अर्धं काम नुकसानीचं ठरतं. आजचं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवती आहे.

आपल्याकडे पक्ष्यांना देणं नवं नाही. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. जेवणाआधी काकबळी ठेवणारी घरं अजून आहेत. लहान मुलाला भरवताना एक घास चिऊचा आणि एक काऊचा असतो. खरं तर दोन्ही घास मुलाच्याच पोटात जातात, पण जेवायला शिकतानाच पंगतीत पक्षी बसवलेला असतो, हे काही थोडं नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत विचार करायला लावणारी प्रथा काकस्पर्शाची वाटते. दहाव्याला पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट बघायची. इथे देणारा नुसता देत नाही, तर थांबून पाहतो. कावळा शिवला नाही तर त्या नकाराला अर्थ असतो. मंडळी कुजबुजतात, कुणीतरी पुढे होऊन मृताच्या नावानं शब्द देतो, "धाकट्याचं शिक्षण आम्ही बघू", आणि पुन्हा वाट बघतात. पक्ष्याचा नकार इतका मनावर घेणारा दुसरा प्रसंग आपल्या व्यवहारात मला तरी आठवत नाही. फरक इतकाच की तो नकार आपण मेलेल्या माणसाचा मानतो. कावळ्याचा म्हणून मानत नाही. घाटावर फार गर्दी असेल, जवळच्या झाडावर त्याचं घरटं असेल, किंवा पलीकडच्या पिंडांवर पोट भरलं असेल, हे आपल्या मनात येत नाही. मला ती थांबण्याची सवय हवी आहे. फक्त नजर पक्ष्यावर असावी.

आणि खेड्यात याची दुसरी बाजूही असते. शहरातून आलेला माणूस पक्ष्यांना दाणे टाकतो आणि शेतकरी गोफण फिरवतो. शाळू हुरड्यात आला की माळ्यावर उभं राहून दिवसभर राखण करावी लागते. भोरड्यांचा थवा कणसांवर उतरला तर काय होतं, ते ज्यानं पेरलंय त्यालाच ठाऊक. माझ्या बांधापलीकडचे एक शेतकरी मला एकदा म्हणाले, "सर, तुम्ही त्यांना न्याहारी देता आणि जेवायला माझ्याकडं पाठवता." (हशा) विनोद खरा, पण त्यात निरीक्षणही होतं. मी टाकलेल्या दाण्याचा परिणाम माझ्या कुंपणाशी थांबत नाही. हेच गृहस्थ चैत्रात विहिरीजवळच्या दगडी डोणीत पाखरांसाठी पाणी राहील असं बघतात. पक्ष्याला हाकलणारा हात आणि पाणी ठेवणारा हात एकच, आणि त्यात त्यांना काही विसंगती वाटत नाही. मलाही वाटत नाही. कुठल्या वेळी काय, हे त्यांना कळतं.

आता दाण्याकडे येऊ. आपण परसात मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी टाकली, तर ती कुणाला मिळते? आपल्या मनात चिमणी असते. चिमणी येतेही. पण आठ-पंधरा दिवस नीट पाहिलं तर कळतं की आधी होले येतात, मग साळुंक्या येतात, त्या चिमण्यांना हुसकावतात, आणि जवळपास जुना वाडा किंवा देऊळ असेल तर काही दिवसांत पारवे येऊन सगळ्यांनाच बाजूला सारतात. हा निव्वळ दांडगाईचा प्रश्न नाही. त्यामागे एक जीवशास्त्रीय कारण आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

मोठी चिमणी दाणे खाते. पण अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं तिचं पिल्लू दाण्यावर वाढत नाही. त्याला मऊ, प्रथिनांनी भरलेलं अन्न लागतं: अळ्या, मावा, बारीक नाकतोडे, कोळी. सुरुवातीच्या दिवसांत नर-मादी दोघंही चोचीतून किडेच आणत असतात. म्हणजे दाण्यानं मोठ्या चिमणीचं पोट भरेल, तिची पुढची पिढी वाढेलच असं नाही. तिच्यासाठी परसात अळी हवी. आता पारव्याकडे बघा. पारवा आणि होला यांच्या कुळात एक विलक्षण सोय आहे. यांच्या गळ्याखालच्या पिशवीच्या आतल्या थरातून पिल्लांसाठी दह्यासारखा एक पदार्थ तयार होतो. त्याला कबुतराचं दूध म्हणतात. गाईच्या दुधासारखं ते नव्हे, पण प्रथिनं आणि स्निग्धांश त्यात भरपूर. आणि ते मादी देते तसा नरही देतो. याचा अर्थ लक्षात घ्या. पारव्याला पिल्लं वाढवायला किडे शोधत हिंडावं लागत नाही. तुम्ही टाकलेल्या ज्वारीचं तो थेट बाळअन्न करतो. वर घरट्यासाठी त्याला झाड लागत नाही, वळचण किंवा खिडकीचा सज्जा पुरतो, आणि भरपूर खाणं असलं तर तो वर्षभर वीण घालू शकतो.

म्हणजे एकच मूठ दाणा, पण चिमणीच्या पोटात जाऊन त्याचं एक होतं आणि पारव्याच्या पोटात जाऊन दुसरंच. आपली भावना दोघांबद्दल सारखी असेलही, परिणाम सारखा नाही. शहरोशहरी दाणे टाकून टाकून चिमण्या का वाढल्या नाहीत आणि पारवे का वाढले, याचं बरंचसं उत्तर या एका दुधात आहे.

२०२५च्या पावसाळ्यात मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढा वाद झाला, आपण सगळ्यांनी वाचलं. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, त्यावरून आंदोलन झालं, प्रकरण उच्च न्यायालयात होतं. एका बाजूला जीवदया, दुसऱ्या बाजूला विष्ठेच्या धुळीमुळे होणारे फुप्फुसांचे विकार. जीवदयेची परंपरा थोर आहे, तिची टिंगल करणं मला पसंत नाही, आणि कुणाच्या श्रद्धेला मी हात घालत नाही. पण त्या वादात एक प्रश्न फार थोड्यांनी विचारला. या दाण्यानं कबुतराचं तरी भलं होतं का? एकाच चौकात हजारोंच्या संख्येनं, एकमेकांच्या विष्ठेत पडलेला दाणा टिपत जगणं, यात दया कुणावर झाली? हे कळायला धर्मशास्त्र लागत नाही. तिथे अर्धा तास उभं राहून नीट बघावं लागतं.

'नीट बघावं लागतं' असं मी का म्हणतो, यासाठी थोडं बाहेरच्या देशातलं उदाहरण देतो. बागेत पक्ष्यांना खाऊ घालण्याचा छंद ब्रिटनमध्ये जितका मुरला आहे तितका क्वचितच कुठे असेल. घरोघरी दाण्यांच्या नळ्या टांगलेल्या, लाकडी तबकं उभी केलेली. तिथे १९९५पासून हजारो सामान्य लोक दर आठवड्याला आपल्या बागेतल्या पक्ष्यांची नोंद एका संस्थेकडे पाठवत आले आहेत. २००५च्या सुमारास अनेकांना दिसायला लागलं की ग्रीनफिंच नावाचा हिरवट, जाड चोचीचा पक्षी तबकाजवळ पिसं फुलवून गप्प बसतो, दाणा तोंडात घेतो पण गिळता येत नाही, जवळ गेलं तरी उडत नाही. मग मेलेले पक्षी सापडू लागले. कारण निघालं ट्रायकोमोनास नावाचा एक सूक्ष्म परजीवी. तो मूळचा कबुतरांच्या कुळातला. पक्ष्याच्या घशात वाढतो, लाळेतून दाण्यावर आणि पाण्यात उतरतो, आणि एकाच तबकावर पन्नास पक्षी खात असतील तर एकाकडून दुसऱ्याकडे जातो. ग्रीनफिंच इतका कमी झाला की २०२१मध्ये त्याचं नाव तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं. आणि ज्या संस्थेनं पिढ्यान्‌पिढ्या लोकांना पक्ष्यांवर प्रेम करायला शिकवलं, तिनंच २०२५मध्ये सपाट तबकांची विक्री थांबवली.

या गोष्टीतून 'दाणा टाकू नका' एवढाच बोध काढला तर तो अपुरा आहे. खाऊ घालण्यानं रोग पसरला हे खरं, पण तो लवकर ध्यानात आला तोही खाऊ घालणाऱ्यांमुळेच, कारण ते खिडकीशी बसून बघत होते आणि लिहून ठेवत होते. तबक होतं आणि नजर नव्हती अशी कल्पना करा. ग्रीनफिंच कमी झाला हे कळलं असतं, पण कशानं, हे शोधायला किती वर्षं गेली असती!

आपल्याकडे असं झालेलंच आहे. परसाबाहेरचं उदाहरण आहे, पण देण्याचंच आहे म्हणून सांगतो. गुरू मेलं की गावाबाहेर टाकायचं आणि गिधाडांनी ते संपवायचं, हा आपला पिढ्यांचा व्यवहार. पारशी समाजानं तर स्वतःचा देहही त्यांच्याच हवाली केला. मग गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक टोचू लागले. गुराला आराम पडावा, हाच हेतू. पण औषध अंगात असताना गुरू मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. भरतपूरच्या अभयारण्यात विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकात ही घट टिपली. औषधाचा संबंध सिद्ध व्हायला २००४ उजाडलं. गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली २००६ साली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. शेतकऱ्याचा नाही, डॉक्टरचा नाही. हेतूवरून कर्माची परीक्षा करण्याची आपल्याला जी सवय आहे, ती अशा ठिकाणी तोकडी पडते. ती सोडा असं मी म्हणत नाही. तिला डोळ्यांची जोड द्या, एवढंच म्हणतो.

आता पाहायचं म्हणजे काय करायचं? इथे मी थोडा वर्गात शिरतो, चालेल ना?

आपल्या दर्शनांत ज्ञानाच्या साधनांना प्रमाण म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान वगैरे आपण ऐकलेलं असतं. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती आणखी एक प्रमाण मानतात, अनुपलब्धी. टेबलावर घडा नाही, हे मला कसं कळतं? घडा दिसतो तसा 'घड्याचा अभाव' दिसत नाही. तर ते म्हणतात, न दिसणं हेच इथे ज्ञानाचं साधन आहे. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण मान्य नाही, ते अभावही प्रत्यक्षानंच कळतो म्हणतात. त्या भांडणात आज शिरायला नको, नाहीतर संध्याकाळ इथेच व्हायची. पण या चर्चेत एक अट आहे ती फार मोलाची आहे. न दिसणं तेव्हाच प्रमाण ठरतं, जेव्हा ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती असते. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून 'घडा नाही' म्हणता येत नाही. आधी दिवा लावा.

परसात हीच अट लागू होते. कुणी म्हणतं, "हल्ली चिमण्या दिसतच नाहीत." मी विचारतो, तुम्ही रोज कधी बघता? कुठे बघता? बघितलंच नाही तर न दिसणं हा पुरावा होत नाही. पण तुम्ही रोज सकाळी सात ते सव्वासात एकाच ओट्यावर बसून दिसेल त्या प्रत्येक पक्ष्याची नोंद करत असाल, आणि वर्षभर रोज येणारी चिमणी या महिन्यात एकदाही नोंदीत नसेल, तर ते न दिसणं बोलायला लागतं. तो दिवा तुम्ही लावलेला आहे.

ई-बर्ड म्हणून जे नोंदीचं साधन आज जगभर वापरतात, त्यात यादी भरल्यावर एक प्रश्न येतो: ओळखलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवलेत ना? लोकांना तो उगाचचा वाटतो. पण सगळी मख्खी तिथेच आहे. 'हो' म्हटलंत, तर यादीत नसलेला पक्षी हीसुद्धा माहिती होते. मीमांसकांची अट अमेरिकेतल्या एका पक्षिशाळेनं नकळत संगणकात बसवली म्हणा ना! अशा नोंदींवरूनच आपल्या देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचे अहवाल निघाले. २०२३च्या अहवालात तीस हजार हौशी निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी वापरून ९४२ जातींचा विचार केला आहे, आणि १७८ जातींची तातडीनं काळजी घ्यायला हवी असं म्हटलं आहे. त्याआधीच्या, २०२०च्या अहवालानं चिमणीबद्दल सांगितलं की मोठ्या महानगरांत ती घटली आहे, पण एकूण देशाचा विचार केला तर गेल्या पंचवीसेक वर्षांत साधारण टिकून आहे. 'चिमणी नामशेष होतेय' म्हणून आपण किती भाषणं ऐकली! आणि खरी घट कुणाची, तर माळरानावरच्या, पाणथळीतल्या अशा पक्ष्यांची, ज्यांच्यावर भाषण कुणी करत नाही, कारण ते आपल्या खिडकीत येत नाहीत.

पाहण्यानं आपल्या आवडत्या समजुतींना धक्का बसतो, त्याची तयारी हवी. सुगरणीचंच बघा. केवढं सुंदर घरटं! बहिणाबाईंच्या कवितेनं तर तो खोपा प्रत्येक मराठी माणसाच्या मनात टांगून ठेवला. त्या मायेच्या चित्राला मी बोट लावणार नाही. पण १९३०च्या सुमारास सालीम अली हातात नोकरी नसताना अलिबागजवळ किहीमला राहत होते. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. दाणा नाही, पिंजरा नाही, माणूस दिवसेंदिवस बसून नुसता बघत होता. त्यांनी काय टिपलं? घरटं विणतो तो नर. अर्धंमुर्धं झालं की मादी येते, तपासते, पसंत पडलं तर आत मुक्काम करते. मग नर ते पुरं करतो आणि दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो, दुसऱ्या मादीसाठी! विणकर पुरुष आणि नाव मात्र सुगरण. भाषेनं दिलेलं श्रेय आणि डोळ्यांना दिसलेलं काम यांत असं अंतर पडतं. पक्ष्यांचं राहू द्या, माणसांच्या घरात हे नेमकं उलट्या दिशेनं होतं, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. (हशा)

इथे एक आक्षेप येतो. थॉमस नेगल या अमेरिकन तत्त्वज्ञाचा १९७४चा एक गाजलेला निबंध आहे, वटवाघूळ असणं म्हणजे काय असतं, यावर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, वटवाघळाच्या मेंदूची सगळी माहिती मिळाली तरी त्याला आतून कसं वाटतं ते आपल्याला कळत नाही. मग पक्ष्याला काय हवं ते बाहेरून बघून कसं कळणार? नेगलचा मुद्दा मला पटतो. बुलबुलाला पपईची चव कशी लागते ते मला कधीही कळणार नाही. पण मला त्याची गरज नाही. तो कुठे बसतो, कशाला बिचकतो, चोचीत काय घेऊन घरट्याकडे जातो, हे दिसतं. जबाबदारीनं वागायला तेवढं पुरतं. शेजाऱ्याच्या मनातलं तरी आपल्याला कुठे कळतं? त्याच्या दारात गाडी लावू नये एवढं कळतं.

तर परसात बसल्यावर मी तीन गोष्टी लिहितो. कोण आलं. कोण आल्यावर कोण उडालं. आणि कोण आलं नाही. दुसरी नोंद बहुतेक लोक करत नाहीत, आणि खरी मजा तिच्यात आहे. सातभाईंचा थवा जमिनीवर पाला उलटत असतो तेव्हा एखादा वर फांदीवर पहाऱ्याला असतो. त्यानं आवाज दिला की सगळे झुडपात. मग वर बघावं, शिक्रा असतो. एका जागी रोज दाणा टाकला की तिथे होल्यांची, चिमण्यांची गर्दी ठरलेल्या वेळी जमते, आणि शिक्र्याला हे कळायला वेळ लागत नाही. दाणा टाकला म्हणजे शिक्र्याचंही पान वाढलं. त्यात वाईट काही नाही, तोही पक्षीच आहे. पण आपण पान वाढलंय हे आपल्याला माहीत असावं. भारद्वाज दिसला की शकुन मानतात. तोच भारद्वाज झुडपातल्या घरट्यांतली अंडी-पिल्लं खातो. रात्री उरलेल्या दाण्याला उंदीर येतात, आणि उंदरामागे धामण येते, घोणसही येते. खेड्यातल्या घरात ही शोभेची माहिती नाही. परसात अनवाणी जाणारी म्हातारी माणसं असतात.

आता तुम्ही म्हणाल, मग द्यायचं तरी काय? मी सरळ सांगतो, दाण्याच्या पोत्यापेक्षा परस द्या. झाडलोट थोडी कमी करा. कोपऱ्यात पाला साठू द्या, त्यात किडे होतात, ते दयाळ आणि सातभाई उलथून खातात. शिंप्याला दोन मोठ्या पानांचं झुडूप लागतं, तो पानं शिवून घरटं करतो. फवारणी बंद केलीत तर अळ्या होतील, मिरचीची चार पानं खातील. खाऊ द्या, चिमणीच्या पिल्लाचं तेच दूध आहे. एखादा उंबर असेल तर तोडू नका. त्याला फळं धरली की तांबट, कुटुर्गा, हळद्या, बुलबुल, कोकीळ, सगळे आपणहून येतात. कुणी वाढावं लागत नाही आणि प्रत्येकाला वेगळी फांदी असल्यानं एका तबकातली गर्दी होत नाही. पांगारा माघ-फाल्गुनात फुलतो, तेव्हा झाडावर पान नसतं आणि पाहणाऱ्याला सगळं उघडं दिसतं. साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, आणि त्याच त्या शेतकऱ्याच्या वैरी भोरड्या, चोची लाल फुलांत बुडवून बसलेल्या.

आणि बांडगूळ. आंब्यावर बांडगूळ दिसलं की आपण कोयता काढतो. फार माजलं तर काढावंच, झाड मरतं. पण एखादं राहू द्या आणि त्याकडे बघा. अंगठ्याएवढा फुलटोच्या नावाचा पक्षी आहे. बांडगुळाचं फळ तो गिळतो, बी चिकट असतं, ते शरीरातून बाहेर पडताना सहज सुटत नाही, म्हणून तो बूड फांदीला घासतो. बी फांदीला चिकटतं आणि तिथेच रुजतं. जमिनीत पडलं असतं तर वाया गेलं असतं. फुलटोच्या बांडगूळ पेरतो आणि बांडगूळ फुलटोच्याला पोसतं. यात आपलं काम इतकंच की कोयता थोडा वेळ खाली ठेवायचा.

तरी दाणा टाकायचाच असेल, आणि मला माहीत आहे की तुम्ही टाकणार, कारण जवळून बघण्याचा मोह मोठा असतो, तर थोडा टाका. अर्ध्या तासात संपेल एवढाच. रोज जागा बदला. फरसाण, मिठाचं उरलेलं, बुरशी आलेला पाव हे पक्ष्यांचं खाणं नाही. पावसाळ्यात बंद ठेवा. ओल्या दाण्याला लगेच बुरशी येते आणि त्या दिवसांत बाहेर किड्यांची चंगळ असते. आणि पिसं फुलवून सुस्त बसलेला, गिळता न येणारा पक्षी दिसला, तर त्या दिवसापासून दाणा-पाणी दोन्ही थांबवा, भांडी घासून उन्हात ठेवा, पक्ष्यांना पांगू द्या. हे निष्ठुर वाटेल. पण इथे न देणं हेच देणं आहे.

एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: "सर, पाण्याचं भांडं कुठे आणि कसं ठेवावं? डासांची भीती वाटते." चांगला प्रश्न, कारण पाण्याच्या बाबतीत माझा काहीच किंतु नाही. पक्ष्याला घाम येत नाही. उन्हाळ्यात तो चोच उघडी ठेवून धापा टाकतो आणि तशानं अंगातलं पाणी जातं. आपल्या भागात फाल्गुनापासून ओढे आटतात, तेव्हा पाणी ही खरी गरज असते. भांडं पसरट मातीचं घ्या, परळासारखं. पाणी दोन बोटं, फार तर तीन. तळ गुळगुळीत नको, पाय घसरतात. मध्ये एखादा दगड ठेवा, त्यावर मधमाश्याही बसतील. सावलीत ठेवा, झुडपापासून चार-पाच पावलांवर. अगदी झुडपाला खेटून ठेवलं तर मांजर दबा धरतं, फार उघड्यावर ठेवलं तर लहान पक्षी येत नाहीत. डासांचं म्हणाल, तर पाणी रोज ओता आणि भांडं आतून घासा. नुसतं वरून पाणी भरू नका, डेंगीच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. अंड्याचा डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, त्यामुळे रोज ओतणाऱ्याच्या घरी डास होत नाही. ओतलेलं पाणी शेजारच्या जास्वंदीला घाला. आणि पुढच्या आठ दिवसांत पहिला कोण आला, दुपारी कोण आला, भांड्यात नुसतं प्यायला कोण येतं आणि अंघोळीला कोण, ते एका वहीत लिहा. पुढच्या महिन्यात इथे याल तेव्हा ती वही घेऊन या.